केमोच्या दोन फेऱ्यांमधला हुरडा: दिवस कोणता, ताटात काय आणि वाईनचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६३ वर्षांचे, राहणं नागपुरात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया सप्टेंबरमध्ये झाली, पोटावर शौचाची पिशवी नाही. त्यानंतर कॅपॉक्स केमो सुरू झाली: दर २१ दिवसांनी सलाईनमधून ऑक्झालिप्लॅटिन आणि १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. आठपैकी तीन फेऱ्या झाल्या, चौथी १७ डिसेंबरला आहे. काटोलजवळ मामांच्या वावरात रविवारी, २८ डिसेंबरला, हुरडा आणि रोडग्यांचा बेत ठरलाय. नाशिकहून भाचा वाईन आणणार आहे. बाबांना जायचंच आहे. न्यावं का, काय खाऊ द्यावं, आणि एक ग्लास वाईन चालेल का?

न्या. फक्त २८ तारखेला नेऊ नका, ४ जानेवारीच्या रविवारी न्या. एवढा एक बदल घरच्यांनी मान्य केला तर बाकीच्या बऱ्याच काळज्या आपोआप हलक्या होतील.

कारण सांगतो. १७ डिसेंबर हा चौथ्या फेरीचा पहिला दिवस. गोळ्या त्या संध्याकाळपासून ३१ डिसेंबरच्या सकाळपर्यंत चालतील. म्हणजे २८ तारीख हा बारावा दिवस: गोळ्या चालू आहेत, पोट नाजूक आहे आणि रक्तातल्या पेशी उतरलेल्या असण्याचा काळही हाच. केमोचा मार हाडाच्या मगजात नव्या पेशी तयार करणाऱ्या पेशींवर बसतो. रक्तात फिरणाऱ्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या मुख्य पांढऱ्या पेशी, काही तासांपासून एखाद्या दिवसात संपतात. मगजातला तयार साठा काही दिवस पुरतो, तो संपला की त्यांची जागा घ्यायला नव्या आलेल्या नसतात. म्हणून तीन आठवड्यांच्या बहुतेक केमोंमध्ये साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात आकडा तळाला जातो आणि तिसऱ्या आठवड्यात वर येतो. ३१ डिसेंबर ते ६ जानेवारी हा बाबांचा गोळ्यांच्या सुट्टीचा आठवडा आहे. ४ तारीख म्हणजे एकोणिसावा दिवस. तोवर बहुतेकदा तोंडाची चव थोडी परतलेली असते, जुलाब थांबलेले असतात, मळमळ नसते. पाचवी फेरी ७ जानेवारीला लागेल, त्याआधी दोन दिवस विश्रांतीही मिळते. आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हुरडा कुठे जात नाही.

शुक्रवारी, २ जानेवारीला, सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) करून घ्या. नाहीतरी पुढच्या फेरीआधी रक्त तपासायचंच असतं. कधी कधी तीच तपासणी दोन-तीन दिवस आधी केलेली चालते, म्हणजे एकच टोचणी पुरते. हे डॉक्टरांना आधी विचारा. रिपोर्ट आला की एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा आणि न्यूट्रोफिलची टक्केवारी पाहा. दोघांचा गुणाकार करून १०० ने भागलं की एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा, मिळतो. उदाहरणार्थ एकूण पेशी ३२००, न्यूट्रोफिल ४२ टक्के, तर एएनसी १३४४. १००० च्या वर असेल तर खाली लिहिलेली काळजी घेऊन निघा. ५०० ते १००० च्या मध्ये असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारा. त्यांनी हो म्हटलं तरी बाबांचं जेवण घरून न्या आणि माणसं मोजकी ठेवा. ५०० च्या खाली असेल तर बेत पुढे ढकला, त्यावर वाद नको. कॅपॉक्समध्ये पांढऱ्या पेशी इतर काही केमोंइतक्या खोल जात नाहीत, पण प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) बऱ्यापैकी उतरतात, म्हणून तोही आकडा बघा. ७५,००० च्या खाली असेल तर काटेरी कुंपण, विळा, कोयता, ऊस सोलणं यांपासून बाबांना लांब ठेवा, आणि वाईनचा विषय तिथेच संपवा.

(ज्यांची केमो दर १५ दिवसांनी असते त्यांना पुढच्या फेरीआधीचे शेवटचे तीन-चार दिवस बरे. दर आठवड्याची असेल तर सलाईनच्या आदला दिवस. रेडिएशन चालू असेल तर शनिवार-रविवार बहुधा सुट्टी असते, पण तोंड-घशाचं किंवा ओटीपोटाचं रेडिएशन चालू असताना तिखट, हुरडा आणि दारू तिन्ही बंद.)

आता वावरात गेल्यावर काय होतं ते नीट पाहू. ऑक्झालिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन या दोन औषधांचे स्वभाव आणि हुरड्याच्या कार्यक्रमाच्या रीती एकमेकांना नेमक्या आडव्या येतात. हे कळलं की काय बदलायचं ते आपोआप सुचतं.

ऑक्झालिप्लॅटिनला थंडी सोसत नाही. या औषधाने नसा थंडीला अतिसंवेदनशील होतात. गार पाण्याचा घोट घेतला की घसा आवळल्यासारखा वाटतो, स्टीलचा गार पेला हातात धरला की बोटांत मुंग्या येतात, पहाटेची गार हवा नाकातोंडात गेली की जबडा आखडतो. सुरुवातीच्या फेऱ्यांत हे सलाईननंतर पाच-सात दिवसांत ओसरतं. फेऱ्या वाढत जातात तसं ते लांबतं आणि चौथीनंतर तिसऱ्या आठवड्यातही थोडं राहू शकतं. नागपूरच्या जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, उघड्या वावरात त्याहून बोचरं लागतं. म्हणून पहाटे निघून शेकोटीशी बसायचा नेहमीचा कार्यक्रम बाबांसाठी नाही. अकराला निघा. नाकातोंडावरून मफलर, लोकरी हातमोजे, गाडीच्या काचा बंद. फटफटीवर मागे बसवून नेऊ नका. कोमट पाण्याचा थर्मास बाबांच्या हाताशी राहू द्या. वावरातल्या हौदाचं किंवा नळाचं पाणी हात धुवायलासुद्धा गरम करून द्या, कारण धक्का हाताला जास्त बसतो.

एवढं करूनही घसा आवळला तर घाबरू नका, बाबांनाही आधीच सांगून ठेवा. श्वास थांबल्यासारखं वाटतं, पण तो थांबलेला नसतो. उबेत आणा, कोमट पाण्याचे छोटे घोट द्या, मफलरमधून श्वास घ्यायला सांगा. काही मिनिटांत सुटतं. मात्र ओठ किंवा जीभ सुजली, अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या किंवा श्वासाला घरघर लागली तर ती थंडी नव्हे, ॲलर्जी आहे. मग थेट दवाखाना.

कॅपेसिटाबिनचं उलट. त्याला उष्णता आणि घासणं चालत नाही. या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, हुळहुळतात, पुढे सोलतात. हुरड्याची सगळी मजा कणीस भाजून गरम गरम तळहातावर चोळण्यात असते आणि त्या तळहातांना नेमकं तेच करायला नको. बाबांना हा हक्क सोडायला सांगणं जड जाईल, तरी सांगा. चोळणं आणि सुपाने पाखडणं दुसऱ्याने करावं. आगटीपासून किमान पाच-सहा हात अंतर ठेवून खुर्ची मांडा. पायाला सुती मोजे आणि सैल बूट. ढेकळांतून लांब फेरी नको, बांधावरून दहा-पंधरा मिनिटं पुरे. इथे आणखी एक धोका आहे आणि तो लक्षातच येत नाही. तीन-चार फेऱ्यांनंतर बोटांना बधिरपणा आला असेल तर विस्तव पायाखाली आला तरी चटका उशिरा कळतो. रोडगे काढताना गोवऱ्यांचे निखारे इकडेतिकडे पसरतात, राखेखाली झाकलेला विस्तव दिसत नाही. बाबांनी त्या बाजूला अनवाणी जाऊच नये.

हुरडा द्यायचा का? शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झालेत, आतड्याचा जोड भरलेला असावा, पिशवी नाही, तर मूठभर हुरडा द्यायला हरकत दिसत नाही. सर्जनने कमी चोथ्याचा आहार अजून चालू ठेवायला सांगितला असेल तर मात्र त्यांचं ऐका. मूठभर म्हणजे ३० ते ४० ग्रॅम, पसाभर नव्हे. दाणा कोवळा हवा. नखाने दाबला की दुधासारखा रस यावा. जून झालेल्या दाण्याचं टरफल आतड्यात तसंच जातं, पोट फुगतं, मुरडा येतो. एकेक घास नीट चावून, सावकाश. ज्यांच्या पोटावर लहान आतड्याची पिशवी आहे त्यांनी हुरडा खाऊ नये. मक्याचे दाणे, अख्खे शेंगदाणे आणि संत्र्याच्या फोडीची पातळ सालही तिथे अडकू शकते.

हुरड्यात जंतू येतात ते आगीतून नव्हे, आगीनंतर. कणीस निखाऱ्यावर भाजतं तोवर ठीक असतं. मग ते चार जणांच्या हातात चोळलं जातं, पोत्यावर पडतं, सुपात पाखडतं, कुणी फुंकर मारतं. तेव्हा बाबांच्या वाट्याचे दाणे वेगळे काढा आणि एका स्वच्छ लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं पुन्हा हलवून गरम करा. थेंबभर तूप टाकलं तर दाणा कडक होत नाही. गरमच द्या, चमच्याने. सोबत गूळ आणि ताजी भाजून कुटलेली शेंगदाण्याची चटणी, लसूण चालेल, तिखट नावाला. डब्याच्या तळाशी महिनाभर पडून राहिलेली चटणी नको, शेंगदाण्याला बुरशी लवकर धरते आणि तिखटात तिचा वास लपतो. धूळ आणि कडब्याचा भुसाही बाबांच्या अंगावर उडू देऊ नका, त्यात बुरशीचे कण असतात. गोठा झाडणं, गोवऱ्या रचणं बाकीचे करतील. वारा पाहून खुर्ची धुराच्या विरुद्ध अंगाला ठेवा.

रोडगा उलट फार सोयीचा पदार्थ आहे. कणकेचे थर, आत तूप, वरून गोवऱ्यांच्या आरात खरपूस भाजणं. आतला गाभा वाफेवर पूर्ण शिजतो. राखेचं आणि करपलेलं बाहेरचं कवच सुरीने उतरवा, मधला मऊ भाग वरणात कुस्करून द्या. कणकेला फार जाड दळण घेऊ नका. तूप एक चमचा. रोडग्यावर तुपाची धार धरायची आपल्याकडची रीत या पोटाला मानवत नाही, जास्त चरबी गेली की संध्याकाळी जुलाब. एका वेळी अर्धा रोडगा पुष्कळ आहे.

वांग्याच्या भाजीचं पाहा. वैदर्भीय रोडग्यांसोबत तर्रीची झणझणीत भाजी हवी असते आणि नागपूरकरांना सावजी मसाला आवडतो हे मान्य, पण कॅपेसिटाबिनने तोंडाचं आणि आतड्याचं आतलं अस्तर पातळ केलेलं असतं. दोन घासांनी तोंड पोळतं आणि रात्रभर त्रास होतो. एकच भाजी दोनदा करू नका, त्यात बाबांना वेगळं काढल्यासारखं वाटतं. वांगी सगळ्यांसाठी भाजा, साल काढा, हिंग-जिरं-लसणाची फोडणी घालून कमी तिखटाचं भरीत करा आणि लाल तर्री वेगळ्या पातेल्यात ठेवा. ज्याला हवी तो वरून घेईल. म्हणजे सगळ्यांच्या ताटात एकच भाजी पडते. भरताच्या वांग्याच्या बिया जून असतील तर चमच्याने काढून टाका.

गोळाभात हा माझ्या मते त्या दिवसाचा सर्वांत बरा पदार्थ आहे. तो मऊ असतो, पोटभर होतो आणि वावरातल्या चुलीवर सहज होतो. चार जणांना: एक वाटी तांदूळ, एक वाटी हरभरा डाळीचा जाडसर भरडा, दोन चमचे तेल, हळद, पाव चमचा हिंग, मीठ, चवीपुरतं तिखट. भरड्यात हे सगळं आणि थोडं पाणी घालून १० ते १२ घट्ट गोळे वळा. तांदूळ आधणात निम्मा शिजला की गोळे वर ठेवा, झाकण घालून मंद आचेवर १५ मिनिटं. पाणी जास्त झालं तर गोळे फुटून भाताची खिचडी होते, कमी झालं तर गोळा आतून कच्चा राहतो. एक फोडून पाहा, मधे पिवळा कोरडा ठिपका दिसला तर आणखी पाच मिनिटं. वरून गार फोडणी न घालता गरम फोडणी आणि लिंबू. बाबांना भात आणि दोन गोळे. हरभरा वायू करतो, तिसरा गोळा मागितला तरी थांबवा.

घोळाणा, कांद्याची पात, मुळा, काकडी हे कच्चं. इथे एक गैरसमज आहे. केमो चालू असताना कच्चं काहीच खायचं नाही असा नियम अनेक घरांत पाळतात. असा कडक आहार पाळणाऱ्यांमध्ये संसर्ग कमी होतात असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. स्वच्छता नीट पाळणं हेच खरं काम करतं. तरीही वावरात मातीतून उपटलेली पात हौदाच्या पाण्यात हलवून ताटात घालणं हे स्वच्छतेत बसत नाही, म्हणून त्या दिवशी कच्चा पाला नको. संत्री मात्र जरूर द्या. काटोल-नरखेडच्या पट्ट्यात जाऊन संत्रं न खाता परतायचं हे बरं नव्हे. साल आधी उकळलेल्या पाण्याने धुवा, मग सोला, कारण सोलताना सालीवरची माती नखांनी फोडीवर येते. तोंड आलेलं असेल तर आंबट चरचरेल, तेव्हा राहू द्या. काही औषधांसोबत ग्रेपफ्रूट आणि पपनस वर्ज्य असतात, त्यावरून नागपुरी संत्र्यालाही घरोघरी बंदी घातली जाते. कॅपॉक्समध्ये त्याची गरज नाही.

उसाचा रस, बर्फ, उघड्यावरचं दही, कच्चं दूध, नीरा हे नको. प्यायचं पाणी घरचं उकळलेलं, बाबांसाठी वेगळं तीन लिटर. बोअरचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून पाजू नका. घरून नेलेलं शिजवलेलं अन्न गरम डब्यात असावं आणि दोन तासांच्या आत संपावं. संपलं नाही तर संध्याकाळसाठी ठेवू नका.

आता वाईन.

आधी स्पष्ट बोलतो. अल्कोहोल हे स्वतः कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मादक पेयांना १९८८ मध्येच त्या गटात घातलं, आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग त्याच्याशी जोडलेल्या कर्करोगांपैकी एक आहे. वाईनला त्यातून सूट नाही. तांबडी वाईन रक्त वाढवते, ताकद देते असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. बाळंतिणीपासून आजारी माणसापर्यंत सगळ्यांना ती चमच्याने पाजणारी घरं आहेत. रंग लाल असल्यापलीकडे त्या समजुतीला आधार नाही. हिमोग्लोबिन उतरलं असेल तर ते का उतरलं ते डॉक्टरांनी शोधावं लागतं. म्हणून औषध म्हणून एक थेंबही देऊ नका.

पण बाबांना ती औषध म्हणून नको आहे, भाच्यासोबत एक ग्लास हातात धरायचा आहे. ते वेगळं आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. तेव्हा डॉक्टरांना मोघम ‘चालेल का’ असं विचारू नका, नेमकं विचारा: ‘एकोणिसाव्या दिवशी, गोळ्या बंद असताना, जेवणासोबत १०० मिली वाईन, एकदाच.’ नेमका प्रश्न केला की नेमकं उत्तर मिळतं. १०० मिलीचा आकडा यासाठी की साधारण साडेबारा टक्क्यांच्या वाईनमध्ये एवढ्यात सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं. घरच्या मापाच्या पेल्याने आधी पाणी ओतून ग्लासवर खूण करून ठेवा. रिकाम्या मोठ्या वाईन ग्लासात अंदाजाने ओतलं की १०० चे २०० कधी होतात कळत नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली तरी पुढच्या गोष्टींपैकी एक जरी असली तर नाही म्हणा. यकृताच्या तपासणीत आकडे वाढलेले असतील. तोंड आलेलं असेल. मागच्या दोन दिवसांत जुलाब झाले असतील. हातापायांना बधिरपणा दिवसभर राहत असेल, कारण अल्कोहोलही त्याच नसांना त्रास देतं आणि ऑक्झालिप्लॅटिनचा बधिरपणा वाढला की पुढच्या फेरीचं औषध कमी करावं लागतं. झोपेची गोळी, ओलान्झापिन, ट्रामाडॉल, मॉर्फिन, प्रीगाबालिन यांपैकी काही चालू असेल, तर दोन्हींची गुंगी एकमेकांत मिसळते. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर साखर अचानक खाली जाऊ शकते.

आणि हे खास लक्षात ठेवा: आपल्याकडे पोट बिघडलं की चौकातल्या औषधाच्या दुकानातून मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोलच्या गोळ्या आणून घेतल्या जातात. या गोळ्या घेतल्यावर किमान तीन दिवस अल्कोहोल घेऊ नये. घेतलं तर चेहरा लाल होणं, छाती धडधडणं, ओकाऱ्या असा त्रास होऊ शकतो. बाबांनी अशी गोळी घेतली होती का हे आदल्या दिवशी स्पष्ट विचारा. ‘पोटाची साधी गोळी’ एवढ्यावर थांबू नका, पाकीट पाहा.

द्यायचं ठरलंच तर रिकाम्या पोटी नको, जेवण निम्मं झाल्यावर. फ्रिजमधली किंवा बर्फात ठेवलेली मुळीच नको, घसा आवळण्याचं कारण वर सांगितलंच आहे. पांढरी वाईन गार प्यायची असते म्हणून ती भाच्याला आणू देऊ नका. हलकी तांबडी, खोलीच्या तापमानाची. पोर्ट नावाने मिळणारी गोड वाईन नको, तिच्यात साखर भरपूर आणि अल्कोहोल बरेचदा जास्त. गाडीच्या डिकीत दुपारच्या उन्हात बाटली तापली की चव बिघडते, ती पिशवीत गुंडाळून पायाशी ठेवा. मोहाची किंवा घरगुती काढलेली कुठलीही दारू नाही. तिची ताकद माहीत नसते आणि तिच्यात मिथेनॉल असू शकतं. पहिल्या घोटाला बाबांनी तोंड वाकडं केलं तर आग्रह करू नका. केमोने जीभ बदलते, तांबड्या वाईनची तुरट चव अनेकांना तांब्याच्या भांड्यासारखी लागते. बहुतेक वेळा दोन घोटांत ग्लास बाजूला ठेवला जातो आणि प्रश्न मिटतो. म्हणून सोबत काळ्या द्राक्षांचा बंद डब्यातला रस कोमट करून, त्यात दालचिनीचा तुकडा आणि लवंग टाकून, तसल्याच ग्लासात तयार ठेवा. ग्लास टेकवायला तो पुरतो.

भाच्याला रस्त्याचीही कल्पना द्या. काटोल तालुका नागपूर जिल्ह्यात आहे, तिथे अडचण नाही, परवाना मात्र असावा. पण बेत बदलून बोर अभयारण्याकडे, सेवाग्रामकडे किंवा अमरावती रस्त्याने कोंढाळीच्या पुढे कारंजा घाडगेकडे वळलात तर तो वर्धा जिल्हा, आणि तिथे १९७४ पासून दारूबंदी आहे. बाटली घरीच ठेवा. गाडी चालवणाऱ्याने कुठेच प्यायची नाही, कारण परतीचा रस्ता दवाखान्याचाही असू शकतो.

त्याची तयारी अशी. डिजिटल थर्मामीटर. शेवटचा सीबीसी, डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी एका फाईलमध्ये, सोबत महात्मा फुले जन आरोग्य योजनेची किंवा विम्याची कागदपत्रं. ओआरएसची तीन पाकिटं, प्रत्येक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. पेल्याभर पाण्यात अख्खं पाकीट ओतलं तर जुलाब वाढतात. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, जुलाब थांबवणारं लोपेरामाइड, साधारण २ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आधी आणि मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक, दिवसात त्यांनी सांगितलेल्या मर्यादेपर्यंत. पण ताप आणि जुलाब एकत्र असतील किंवा शौचात रक्त असेल तर लोपेरामाइड देऊ नका, फोन करून निघा. नेहमीपेक्षा चार वेळा जास्त शौचाला झालं किंवा रात्री उठावं लागलं तरी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता कळवा.

ताप १००.४ फॅरनहाइट एकदा जरी दिसला, किंवा ताप नसताना हुडहुडी भरली, तर पॅरासिटामॉल देऊन बघू या म्हणत बसू नका. गोळीने आकडा उतरतो, जंतू उतरत नाही आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते. गाडी काढा, वाटेतून फोन करा, कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य ‘केमो चालू आहे’ हे. पेशी कमी असताना अँटिबायोटिक पहिल्या तासात शिरेतून जायला हवं. म्हणून वावर निवडतानाच बघा की बाबांच्या रुग्णालयापासून तास-सव्वा तासापेक्षा लांब नको. रुग्णालय वर्धा रस्त्यावर जामठ्याकडे असेल तर काटोलहून शहर ओलांडावं लागतं, त्याऐवजी बाहेरच्या रिंग रोडची वाट आधी पाहून ठेवा. वावरात मोबाईलची रेंज कुठे येते तेही मामांना विचारून घ्या.

शौचालयाबद्दल कुणी बोलत नाही आणि बेत बहुतेक वेळा तिथेच बिघडतो. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर कळ आली की थांबता येत नाही. वावरात उकिडवं बसायची सोय असेल तर गुडघे आणि बधिर पाय साथ देत नाहीत. सर्जिकल दुकानांत घडीची कमोड खुर्ची भाड्यानेही मिळते. ताडपत्रीचा आडोसा, साबण, गरम पाणी, कपड्यांचा एक जोड. हे आधी मांडून ठेवलंत तर बाबा मोकळेपणाने जेवतील. नाहीतर भीतीने घासच घेणार नाहीत आणि तुम्हाला वाटेल भूक नाही.

दिवस असा बसवा. अकराला निघणं, सव्वाबाराला पोचणं, अर्धा तास बांधावर आणि उन्हात, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, कारण या गोळ्यांनी कातडी लवकर करपते. एकला जेवण, थोडं थोडं दोनदा. मग खाटेवर तासभर पडणं, आणि त्या तासात कुणी भेटायला जाऊ नये. साडेतीनला निघणं. साडेपाचच्या सुमारास ऊन उतरतं आणि गारवा एकदम झोंबतो, तोवर घरी पोचलेलं बरं. सर्दी-खोकला असलेल्या नातेवाइकांना आधी फोन करून या वेळी येऊ नका म्हणा. वाईट वाटेल, तरी म्हणा.

जेवायला बसताना ‘घ्या ना अजून एक’ हा आपला आग्रह त्या दिवसापुरता बाजूला ठेवा, आणि ‘किती वाळले हो’ हेही. ताट लहान वाढा. अर्धं टाकलं तरी कुणी ताटाकडे बघू नये. आगटीशी बसून हुरडा कसा निवडायचा, कुठलं कणीस कोवळं, कुठलं जून, हे बाबांना सांगू द्या. चोळायला हात बाकीचे देतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप, शौच आणि तळहात-तळपाय बघून वहीत लिहून ठेवा. ७ तारखेला पाचव्या फेरीला जाताना ती वही सोबत न्या आणि वाईन घेतली असेल तर किती घेतली तेही डॉक्टरांना सांगा.